रविवारी मी बसलो होतो

माझी फजिती मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगितली तर तो वाढवून सांगेल. चहा घ्या. पण मध्येच हसू नका.

तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. कोरीट गावाच्या पलीकडे आमचा पाडा, बरीच घरं ख्रिस्ती झालेली. मी मंडळीचा, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांचा, पंच. शाळा पाहिली ती नावाला, पण रविवार पाळावा तर मी! नांगर बंद, विळा बंद. उपासना संपली की काठी घेऊन निघायचो. कोण काम करतंय? कुणाचं जातं फिरतंय? शेजारचा सुक्राम लाकडं फोडताना सापडला, तर त्याला भर मंडळीत उभा केला.

एकदा आमच्या चर्चचे पाळकबाबा म्हणाले, "दादा, तुम्ही विसावा घेत नाही, पहारा देता. प्रभूचा विसावा तुम्हालाही आहे. एक रविवार नुसते बसा. जिभेलाही जरा बसू द्या."

मला बसता येत नाही? मला?

पुढच्या रविवारी उपासना झाली आणि मी थेट माझ्या शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. देवाला शब्द दिला, सूर्य बुडेपर्यंत तोंडातून अक्षर काढणार नाही. घरी सांगितलं का? कशाला सांगू? लोकांनी बघावं आणि समजावं.

समोर दादर उभी होती, आमची हिवाळी ज्वारी. कणसं भरलेली. कापायला आलेली. आणि सातपुड्याकडून ढग चढत होते. पण मी हललो नाही!

दुपारी माझी बायको जेमी शोधत आली.

"ओ, जेवाले चला ना."

मी गप्प.

"काय व्हयनं तुम्हले?"

मी गप्प. तिनं कपाळाला हात लावून पाहिला आणि पाड्याकडे तोंड करून ओरडली, "धावा रे! मन्हा माणूस बठी ऱ्हायना!"

हसू नका म्हटलं ना! लग्न झाल्यापासून तिनं मला दिवसाउजेडी बसलेलं पाहिलंच नव्हतं.

पाडा धावत आला. सुक्राम पुढे. हा माणूस हुशार. त्यानं माझी परीक्षा घेतली. कानाशी वाकून म्हणाला, "दादा, मी आज लाकडं फोडस हां! रविवार शे तरी फोडस!"

माझं रक्त उकळलं. पण शब्द दिला होता. गिळला राग.

सुक्रामचा चेहरा उतरला. "गया दादा! हाऊ मले शिव्या देत नई, म्हणजे हाऊ काही वाचत नई!"

जेमीनं हंबरडा फोडला. मी हातानं खूण केली, जा, घरी जा. सुक्राम म्हणाला, "दखा, वावर दाखाडी ऱ्हायना. जीव दादरमा अडकेल शे."

आता आमच्याकडे लाह असते. कुणाचं शेत अडलं की सगळा पाडा विळे घेऊन येतो आणि काम उरकून देतो. मजुरी नाही. संध्याकाळी पोटभर जेवायला घालायचं, एवढंच. ढग तर डोक्यावर आलेले. सुक्रामनं तिथंच लाह पुकारली.

कोणीतरी म्हणालं, "पण आज रविवार शे ना?"

"पाळकबाबानी सांगं नई का? खड्डामा पडेल बैल रविवारले बी काढतस. हाऊ बी बैलच शे!"

पटलं सगळ्यांना! माझ्या शेतात, रविवारी, माझीच मंडळी विळे घेऊन उतरली. कुठं राहिलं माझं नाव? मी दोन्ही हात जोरात हलवले. नको! नको!

"दखा," सुक्राम ओरडला, "दादा सांगी ऱ्हायना, घाई करा!"

मग मात्र मी उठलो. बसणं मोडलं, पण जीभ उचलली नाही. धावत जाऊन एकेकाच्या हातातला विळा हिसकावू लागलो. कवेत विळ्यांचा भारा, तोंडातून शब्द नाही, डोळे लाल. तुम्ही काय समजला असता? चौघांनी मला धरलं, बांधावरच खाट आणून आडवं केलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. आणि एक जण पाळकबाबांना आणायला पळाला, शेवटच्या प्रार्थनेसाठी.

पाळकबाबा आले तेव्हा शेत कापून झालं होतं, आणि ढग न बरसताच पांगले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आधी ओठांवर बोट ठेवलं, मग त्याच बोटानं सूर्य दाखवला. ते मटकन खाटेवरच बसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"अरे, हे आजारी नाहीत. हे विसावा घेताहेत!"

"हाऊ? इसावा?" सुक्राम बघतच राहिला. पण रागावला नाही. माझ्या पायाशी बसला आणि पाय चेपू लागला. मला कसंसंच झालं. ज्याला मी चारचौघांत उभं केलं, तो माझ्यासाठी दुपारभर शेतात वाकला होता.

सूर्य टेकला. पाळकबाबांनी सगळ्यांना गप्प केलं. "दादा दिवसभर देवाजवळ होते. आता पहिला शब्द काय येतो, ऐका."

बायकांनी डोक्यावर पदर घेतले. पुरुषांनी पागोटी काढली. सूर्य बुडाला. मी उठून बसलो आणि तोंड उघडलं.

"सुक्राम, पेंढ्या ढिल्या बांधल्यास!"

आता हसा. तेव्हा पाडा हसला होता. फक्त जेमी हसली नाही. लाहेचं जेवण सगळ्या पाड्याला घालायचं होतं, ती बांधावरच चूल मांडून भाकरी थापता थापता घामानं भिजली होती. पिठाच्या हातानं कपाळ पुसत म्हणाली,

"देवनासाठे, उद्या सकाळपासून कामलेच लागा. तुम्हना इसावा आम्हले झेपत नई!"