साहेबांनी नेलेलं गडांचं पुस्तक

डोंगर उतरून घरी आलं की पायमोज्यात कुसळं राहतात. एक काढावं तर दुसरं टोचतं. आमच्या ऑफिसातल्या डोंगरवाल्यांचे किस्से असेच साठत गेले. रिटायर झालो तरी टोचतात. लोक म्हणतात, आता तरी राग सोडा. सोडतो की! आधी सांगून तर घेतो.

डोंगरवाले म्हणजे आम्ही तिघं. मी क्लार्क. कांबळे अकाउंट्सचा, मूळचा कवठे महांकाळचा. बाबर ड्रायव्हर, विट्याचा, मिलिटरी करून आलेला. त्याचे भाऊ सोनं गाळायच्या दुकानांपायी पार मदुराईला जाऊन बसलेले आणि हा गडी डोंगरात. नव्वदीतली गोष्ट. रविवारी सांगलीहून पहाटेची एसटी धरायची, गड बघायचा, दिवेलागणीला परत.

आणि चौथं माझं पुस्तक. साताऱ्याच्या एका ड्रॉइंग मास्तरांनी स्वतः पायी फिरून लिहिलेलं. तपकिरी कव्हर, हातानं काढलेले नकाशे. पुन्हा कधी छापलंच नाही. त्यात एका चढाजवळ मास्तरांनी लिहिलं होतं, ‘इथे दम लागेल. लाजू नका, बसा.’ आता सांगा, अशा माणसाच्या मागून का जाऊ नये?

समासात आमच्या पेन्सिलीच्या नोंदी असत. चंदन-वंदनच्या पानावरची एक नोंद मात्र माझ्या बायकोच्या हातची. मालतीनं आयुष्यात एकच गड चढला, तोही अर्धा. पुढच्या वर्षी ती गेली. तिचं अक्षर घरात दुसरीकडं कुठं उरलं नाही.

*

पुस्तकात भूषणगडाच्या अलीकडं लिहिलं होतं, ‘पिंपळापाशी डावीकडे वळावे.’ आम्ही गेलो तर पिंपळच नाही! कांबळे म्हणाला, ‘मास्तरांनी फसवलं राव.’ पारावर एक म्हातारबा बसलेले. त्यांना वाट विचारली.

‘सरळ जावा. पिंपळापाशी डावीकडं वळा.’

‘आवं बाबा, पिंपळ कुठं हाय?’

‘त्यो न्हाई आता. रस्त्यासाठी तोडला की कवाच.’

‘मग वळायचं कुठं?’

म्हातारबा भडकले. ‘पिंपळापाशी! किती येळा सांगू?’

रस्ता करणाऱ्यांना पिंपळ तोडता आला. पत्ता तोडता आला नाही.

*

मग बाजारात गुळगुळीत कागदाची, रंगीत फोटोंची पुस्तकं आली. बाबरनं एक आणलं. त्याच्या भरवशावर आम्ही मच्छिंद्रगडाला निघालो आणि भलत्याच उसात शिरलो. पानं कापून कापून हातांना ओरखडे. मी बाबरला म्हटलं, ‘वाट काय लिहिलीय बघ.’

बाबरनं पानं उलटली, पुन्हा उलटली. ‘फोटो लय भारी हायत. पान पंधरावर तर लेखकाचाच हाय, गॉगल घालून.’

‘आणि वाट?’

‘वाट न्हाई. हेलिकॉप्टरनं गेला असंल गडी.’

त्या लेखकाला गॉगल मिळतो, वाचकाला वाट मिळत नाही!

*

पुस्तक उसनं नेणाऱ्यांची वेगळीच जात. एका प्राध्यापकांनी वासोट्याच्या पानाची झेरॉक्स काढायला म्हणून नेलं. परत दिलं तेव्हा वासोट्याच्या जागी झेरॉक्स चिकटवलेली!

‘सर, माझं पान?’

‘ते ब्लेडनं अलगद काढलं. मशीनवर दाबून तुमच्या पुस्तकाची बांधणी बिघडली असती.’

‘मग ते पान कुठंय?’

‘लॅमिनेट करून घेतलंय. आता माझ्याकडं कायमचं टिकेल!’

आणि माझ्याकडून आभाराची वाट बघत उभे राहिले. या माणसाकडं पेशंट नव्हते, नुसते विद्यार्थी होते, हे जिल्ह्याचं नशीब.

*

हे सगळं परवडलं. खरं दुखणं साहेबांचं.

आमच्या साहेबांनी एकदा पुस्तक टेबलावर बघितलं, चाळलं, बॅगेत टाकलं. ‘दोन दिवसांत देतो.’ पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी विचारलं की म्हणायचे, ‘रंगात आलोय हो.’ शेवटी धीर करून म्हटलं, ‘साहेब, त्यात माझ्या घरची एक आठवण आहे.’

साहेब हसले. ‘अहो, पुस्तक हे वाचणाऱ्याचं असतं.’

पगार हा काम करणाऱ्याचा असतो, हे मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

*

एकदा चहाच्या वेळी साहेब खुलले. ‘दातेगडावर माझी चप्पल तुटली. काथ्यानं बांधून उतरलो. पायाला हे एवढे फोड!’

कांबळेनं कप खाली ठेवला. ती चप्पल माझी, फोड माझे. काथ्या बाबरचा, आणि बाबर समोरच उभा! सगळं समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

बाबरनं अदबीनं विचारलं, ‘साहेब, दातेगडला कवा गेल्ता म्हनायचं?’

‘ते दिवसच वेगळे होते, बाबर,’ साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

*

मग मंडईत साहेबांच्या मिसेस, आमच्या वहिनी, भेटल्या. माझ्यावरच उखडल्या. ‘एखादा रविवार तरी यांना घरी राहू द्या हो! दर आठवड्याला तुमच्याबरोबर गड, गड! मीच डबा भरून देते, पुस्तक पिशवीत घालते.’

साहेब आमच्याबरोबर एकही रविवार आले नव्हते. कांबळेनं चौकशी केली. साहेब रविवारी विश्रामगृहावर पत्ते कुटत होते. पुस्तक शेजारच्या खुर्चीत.

म्हणजे माझ्या पुस्तकाला त्यांनी साक्षीदार केलं होतं! ते परत मिळणार नाही, हे मला मंडईतच कळलं. आणि लवकरच साहेबांच्या बदलीची ऑर्डर आली. मालतीचं अक्षर आता दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.

*

निरोपसमारंभ. हॉल गच्च. साहेबांच्या शेजारी वहिनी, नव्या पैठणीत. साहेबांनी भाषणात बॅगेतून काय काढावं? पुस्तक!

‘या सह्याद्रीनं मला घडवलं,’ ते माइकवर म्हणाले. ‘हे पुस्तक माझा सोबती. समासातल्या या नोंदी माझ्या पावलांच्या आहेत.’

माझे कान तापले. तेवढ्यात मागून कांबळेचा आवाज आला, ‘साहेब, चंदन-वंदनचं पान वाचा की!’

‘वाचा, वाचा!’ बाबरनं उचलून धरलं. टाळ्या पडल्या.

साहेबांनी चष्मा लावला, पान काढलं आणि आवाजात चढउतार आणून समासातलं वाचलं, ‘दमले बाई! मी इथंच बसते. तुम्ही वर जाऊन या, तोवर डबा राखते. पण लवकर या हं, एकटीला करमत नाही. तुमची मालती.’

माइक चांगला होता. शेवटच्या रांगेलाही स्वच्छ ऐकू गेलं.

वहिनींनी पदर सावरला. ‘मालती कोण?’

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी हातातल्या हाराची फुलं नीट करत होतो.

‘मी विचारते, मालती कोण?’

‘हे... हे पुस्तक माझं नाही,’ साहेब माइकवरच म्हणाले. ‘यांचं आहे.’

‘आणि दर रविवारी मी भरलेला डबा?’

साहेबांनी चष्मा काढून खिशात घातला. मी हार टेबलावर ठेवला, त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, पिशवीत घातलं आणि जागेवर येऊन बसलो.

मागच्या रांगेत बाबर कांबळेला हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

‘गड्या, आता टाळ्या वाजवायच्या का रं?’