माझ्या हातून मेलेली नटी

त्या एका वर्षात मी तिला चार वेळा ठार मारलं. गळा आवळून, जिन्यावरून ढकलून, चहात विष कालवून आणि चौथ्यांदा डोक्यात इस्त्री घालून. पाचव्या वेळी नुसती थोबाडीत मारायची होती. ती पडणार, टेबलाचा कोपरा डोक्याला लागणार आणि ती मरणार, एवढंच काम. नेमकं तेच आम्हाला भोवलं.

ही सगळी मारामारी टीव्हीसाठी. घडून गेलेले गुन्हे नटांकडून पुन्हा करवून दाखवणारे कार्यक्रम जपानमध्ये चवीने बघतात. गुन्हा परदेशात घडलेला असला की परदेशी तोंडं लागतात, आणि ती पुरवणाऱ्या एका एजन्सीत मी नाव नोंदवलं होतं. नवऱ्याच्या नोकरीपायी टोक्योतल्या एदोगावात येऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी शाळेत रमली होती आणि मी कोम्बिनीच्या, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानाच्या, गल्ल्यावर बाइतो, म्हणजे तासावारी काम, करून करून विटले होते. एजन्सीतल्या बाईने माझे डोळे पाहिले आणि मला तिथल्या तिथे खुनी ठरवलं. माझ्या डोळ्यांत कायम राग दिसतो म्हणे. तो माझ्या सासूबाईंनाही दिसतो, त्यामुळे त्यात जपान्यांना दोष देता येत नाही.

मरायला असायची ती ऑस्ट्रेलियन बाई. साठीला टेकलेली, हाडापेराने मजबूत, आवाज असा की कुजबुजली तरी शेवटच्या रांगेत पोचावा. तिच्या देशात ती पंधरा वर्षं रंगभूमीवर होती. गावोगावच्या हॉलमध्ये, कधी लोकर कातरायच्या शेडमध्येसुद्धा तिने नाटकं केली होती. नंतर एका मालिकेत सहा वर्षं नर्स झाली, आणि अनोळखी लोक रस्त्यात तिला आपली दुखणी सांगायला लागले. मग जपानी नवऱ्याच्या आईच्या आजारपणात ती टोक्योला आली. सासू वारली, पुढे नवरा दुसरीकडे गेला आणि ही राहिली. तिच्या जपानीला परका सूर होता, म्हणून तिच्या वाट्याला वाक्यं यायचीच नाहीत. किंचाळणं आणि मरणं यायचं. अकरा वर्षं ती तेच करत होती, आणि इतकं मन लावून करायची की मला तिचा हेवा वाटायचा.

आम्हाला मारामारी शिकवायला एक म्हातारे गुरुजी होते. त्यांचा एकच नियम. मारणाऱ्याने वाट बघायची. मार खाणारा श्वास आत घेईल, हनुवटी खाली करेल, तेव्हाच हात सोडायचा, तोही गालाजवळून हवेत. आवाज मार खाणाऱ्याने स्वतःच्या तळहातांनी काढायचा. सुरुवात त्याच्या श्वासाने होते, म्हणून काही चुकलं तर माफीही त्यानेच मागायची.

मला हे सगळं मिळमिळीत वाटायचं. पुण्यात एकांकिका करताना आम्ही खरी मारायचो. एका स्पर्धेत मी माझ्या सहनटाच्या अशी सणसणीत लगावली होती की त्याचा चष्मा विंगेत जाऊन पडला. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं आणि बक्षीसही मलाच मिळालं. त्या बिचाऱ्याचा गाल दोन दिवस सुजलेला होता आणि आम्ही त्यालाच हसत होतो. ती थोबाडीत मी कितीतरी वर्षं मिरवली, अगदी त्या ऑस्ट्रेलियन बाईलाही सांगितली. ती हसली नाही. "आणि तो पुढे तुझ्याबरोबर काम करायला आला?" एवढंच तिने विचारलं. नव्हता आला. तो का आला नाही हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या पाचव्या खुनाच्या सकाळी ती वेगळीच दिसत होती. नदीपलीकडच्या एका भाड्याच्या घरात शूटिंग होतं. जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाताना तिने मला सांगितलं, की तिच्या शहरातल्या थिएटरने तिला बोलावलंय. नवं नाटक, मुख्य भूमिका, दोन तास रंगमंचावरून हलायचं नाही. तीन आठवड्यांनी तालीम सुरू. "बोलायचंय गं मला," ती म्हणाली. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण मला ते वाक्य मराठीतच आठवतं. तिचे डोळे भरून आले होते आणि बोटांना भाताची शितं चिकटली होती.

दुपारी थोबाडीचा शॉट लागला. दिग्दर्शक तिशीचा. त्याने माझं नाव कधी शिकूनच घेतलं नाही, मला इंदो-सान, म्हणजे 'इंडियाबाई', म्हणायचा. पहिला टेक त्याला आवडला नाही. दुसऱ्याला त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. तिसऱ्यानंतर म्हणाला, "इंदो-सान, डास मारताय का?" सगळं युनिट हसलं. लाइट धरलेली पोरगीसुद्धा हसली. माझं टाळकं सणकलं. या सगळ्यांना एकदाच दाखवून द्यावं असं झालं होतं.

चौथ्या टेकला मी वाट बघितली नाही. तिची हनुवटी अजून वरच होती, ती माझ्याकडे बघत होती, आणि मी सगळा खांदा लावून उघड्या पंजाने तिच्या डाव्या कानावर हाणली. बंद खोलीत कागदी पिशवी फोडावी तसा आवाज झाला. ती कोलमडली, ठरल्या जागी टेबलावर आदळली, ठरल्याप्रमाणे डोळे उघडे ठेवून मेली. दिग्दर्शक आनंदाने ओरडला. टाळ्या पडल्या. माझा तळहात झिणझिणत होता, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला क्षणभर मला फार बरं वाटलं.

मग ती उठेना. कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आली होती. दोघांनी धरून उभी केली तर ती डावीकडे झोकांडत होती. तशातही ती दिग्दर्शकासमोर कमरेत वाकली आणि जपानीत म्हणाली, "मी आधी वळले. चूक माझी आहे." कॉलरवर रक्त, आणि ही माफी मागतेय. मी शेजारी उभी होते. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. मी ते उघडलं नाही.

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी विमानाला सक्त मनाई केली. किती आठवडे ते सांगता येणार नाही म्हणाले. तिकडच्या थिएटरने दहा दिवस वाट पाहिली आणि भूमिका दुसरीला दिली. हे मला एजन्सीतल्या बाईकडून कळलं. तीच पुढे म्हणाली, की बाईंचं वय झालं, अंदाज चुकायला लागलाय, आता मारामारीला त्या नकोत. आणि लगेच मला नवं काम सांगितलं. नवी नटी होती, वयाने लहान, आणि तिला मी सुरीने मारायचं होतं.

त्या दिवशी मात्र मला स्वतःची किळस आली. स्टेशनातल्या दुकानातून मिठाईचा सुबक बांधलेला खोका घेतला, कारण इथे माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि तिच्या घरी गेले.

तिने स्वयंपाकघरात बसवलं. उजवा कान माझ्याकडे येईल अशी खुर्ची वळवली. मी वेळ चुकल्याचं काहीतरी पुटपुटले.

"वेळ चुकली नव्हती," ती म्हणाली. "मी तुझे डोळे बघत होते. मारायचंच होतं ना?"

"हो."

"मला?"

"नाही. त्याला."

"मग त्याला का नाही मारलंस?"

मी मिठाईचा खोका टेबलावर तिच्याकडे सरकवला. तीच म्हणाली, "मी जवळ होते. आणि मी उलट मारणार नव्हते."

मला रडू फुटलं. ते तिला आवडलं नाही. "रडू नकोस, फोन कर," ती म्हणाली. "खरं काय ते त्याला सांग. माझा अंदाज चुकला नाही एवढं तरी त्यांना कळू दे. ते नाटक गेलं, पण इथलं काम मला हवंय."

मी तिच्यासमोरच दिग्दर्शकाला फोन लावला, स्पीकरवर. माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. हात मी आधी सोडला, मुद्दाम सोडला, बाईंची काही चूक नव्हती. माझं कामही जाणार हे धरूनच मी बोलत होते.

"माहीत आहे की," तो मोकळेपणाने म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ दिसतंय. आम्ही सगळ्यांनी त्याच दिवशी पाहिलं."

"मग त्यांना काम का देत नाही?"

"त्यांनी माफी मागितली ना. विषय मिटला होता. आता पुन्हा कशाला उकरायचा? आणि इंदो-सान, तो शॉट अफलातून आलाय. तोच ठेवलाय."

भाषांतर करायची गरज नव्हती. तिचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिने हात लांब करून फोन बंद केला आणि उठली. मला वाटलं पाणी प्यायला उठली. मीही उठले.

तिने मला अशी मारली की माझं डोकं मागच्या फ्रिजवर आपटलं. ओठ दातांत सापडून फाटला, मिठाईचा खोका टेबलावरून उडून फरशीवर फुटला. ती ओरडत होती, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या तेवढ्याशा खोलीत ओरडत होती, आणि त्या आवाजाने शेल्फवरचे कप किणकिणत होते. मी भिंतीला धरून खाली बसले. तोंडात रक्ताची चव होती. घाबरून मी आधी कान चाचपला. कानाला काहीही झालं नव्हतं. एवढ्या संतापातही तिचा हात गालावरच पडला होता, कानापासून मोजून दोन बोटं खाली.