तहानेचा उद्गार आईकडे आला

आमच्या भोकरकडच्या गावात शिमगा सरला की पळस झडायला लागतो, कडुनिंबाला मोहर येतो आणि चर्चमध्ये माणसं एकमेकांना विचारायला लागतात, "यंदा तुमाला कोणता आला?" नवख्याला वाटावं, परीक्षेतल्या प्रश्नाची चौकशी करून राहिलेत. चौकशी असते गुड फ्रायडेच्या उद्गारांची. प्रभू क्रुसावर सात वेळा बोलले, म्हणून त्या दिवशी बारा ते तीन सात माणसं एकेका उद्गारावर बोलतात. प्रभूंचं एकेक वाक्य, आणि आमच्या माणसांची पंचवीस-पंचवीस मिनिटं.

बाबा जिल्हा परिषदेचे रिटायर्ड गुरुजी आणि चर्चचे सेक्रेटरी. सहावा उद्गार, म्हणजे सगळं पूर्ण झालं असं सांगणारा, वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. अख्ख्या मंडळीत ज्या माणसाचं बोलणं कधी पुरं होत नाही, नेमका त्यालाच हा द्यावा, याची गंमत बाबा सोडून सगळ्यांना कळते. "आता शेवटचा मुद्दा" असं ते म्हणाले की जाणती माणसं मांडी बदलून बसतात. असे शेवटचे मुद्दे चार-पाच तरी असतात.

पाण्याचा नियमही बाबांचाच. त्या दिवशी तीन वाजेपर्यंत कोणी थेंब घ्यायचा नाही. दाराजवळच्या माठाला ते सकाळीच फडकं बांधतात, वरून सुतळीची गाठ. लेकरं आणि आजारी माणसांना सूट, पण त्यांनी बाटली घरून आणायची. एप्रिलचं ऊन, वर पत्रे, तरी बाबांचा माठ बंद. तो भरायचं काम मात्र आईचं. किनवटकडून लग्न होऊन आली तेव्हापासून, पस्तीस वर्षं, उपासनेआधी माठ तीच भरते.

यंदा चर्चला नवे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, आले आणि त्यांनी सात जणांची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली. पाचव्या, तहानेच्या उद्गारासमोर आईचं नाव. मी लातूरला नोकरीला. तिथं बसून ती यादी दोनदा वाचली आणि घरी फोन लावला.

"हाव, पाहिलं," आई म्हणाली. "आधी वाटलं, न्हाई म्हणावं. मग म्हणलं, एकदा तरी बोलावं."

चौथी शिकलेली माझी आई मंडळीसमोर कधी उभी राहिली नव्हती. तिच्या आवाजात एवढी हौस मी पहिल्यांदा ऐकली. मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली, कारण घरात बाबा होते.

मी गुरुवारी घरी पोचले तोवर बाबांनी तिचं भाषण लिहून ठेवलेलं. आठ पानं. सुरुवातीला मूळ ग्रीक शब्दाची फोड, मग पॅलेस्टाईनचं हवामान.

"तू फक्त वाच," ते तिला सांगत होते. "मंडळीत हसू नको व्हायला."

आईने भाकरी थापता थापता पानं पाहिली. "अवं, ह्यात पाणी कुठं हाय?"

"चौथ्या पानावर येतं."

मला राग आला होता. तिला स्वतःचं काही बोलायचं होतं, आणि बाबा तिच्या तोंडून पुन्हा स्वतःच बोलायला निघाले होते. आईने मात्र पीठ झटकून कागद पिशवीत ठेवले.

शुक्रवारी पहिल्या चौघांनी मिळून सव्वादोन वाजवले. मागच्या, झावळ्यांच्या रविवारी लावलेल्या शिंदीच्या फांद्या भिंतीवर वाळून गेल्या होत्या, आणि आम्हीही. आई उठली, समोर बोलायच्या जागी, पुलपिटापाशी गेली, कागद उघडून डोळ्यांजवळ नेले, मग लांब नेले.

"चष्मा घरी राहिला जणू," ती म्हणाली.

बाबा पुरुषांच्या बाजूने लगबगीने उठले आणि आपला चष्मा तिला देऊन आले. तिने तो घालून पाहिला, काढला, शांतपणे परत केला. "ह्याच्यातून न्हाई दिसत मला."

तिचा चष्मा माझ्याजवळ, तिच्या पर्समध्ये होता. घरून निघताना तिला तो आत टाकताना मीच पाहिलं होतं. मी पर्सची चेन लावून घेतली.

आईने कागदांची घडी घातली. "मला लई बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "तहान लागली, हे माणूस आपल्या माणसाला सांगतं. आमचे हे शाळेतून आले की दारातूनच सांगायचे, मी तांब्या घेऊन जायचे. प्रभूला तर ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यापुढं सांगावं लागलं. तरी लाजला न्हाई. मी पस्तीस वर्सं हा माठ भरते. मला तहान लागली, असं आजवर मी कोणाला म्हणले न्हाई. कोणी विचारलं बी न्हाई. प्रभूकडून मला तेवढं शिकायचं ऱ्हायलंय."

आणि ती येऊन माझ्याजवळ बसली. तीन मिनिटंही झाली नसतील. पाळकसाहेबांनी सहाव्या उद्गारासाठी बाबांना बोलावलं.

बाबा उठले. हातात त्यांचं जाडजूड भाषण होतं. पुलपिटाकडे न जाता ते दाराकडे वळले, भाषण खिडकीत ठेवलं आणि माठावरची गाठ सोडायला लागले. सकाळी स्वतःच आवळलेली गाठ काही सुटेना. शेवटी वाकून दातांनी सोडली. ग्लास भरून ते थेट बायकांच्या बाजूला आले आणि सतरंजीवर आईसमोर गुडघे धरत बसले.

"घे," ते हळूच म्हणाले. "तहान लागली असंल."

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तीन वाजू द्या," ती म्हणाली.

बाबा तिथून हलले नाहीत. पाळकसाहेबांनी वाट पाहून गीत सुरू केलं, मग सातव्या उद्गाराचा माणूस बोलला. सहावा यंदा तसाच राहिला. पाऊण तास बाबा बायकांमध्ये मान खाली घालून, दोन्ही हातांत ग्लास धरून बसले होते. दोन दिवस त्यांच्यावर चिडलेली मी, मला त्यांच्याकडे बघवेना.

तीन वाजले, घंटा झाली. आईने ग्लास घेतला आणि एक घोट घेतला.

"गरम केलं की तुमी," ती म्हणाली, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.