मिटवायचा राहिलेला चाकू

त्या घराण्यात माणूस गेला की आधी त्याचा चाकू मिटवत आणि मग रडायला बसत. खिशात ठेवायचे घडीचे चाकू बनवणारं ते घर. जो कोणी बापाच्या हाताखाली बाकावर बसे, तो पहिला चाकू स्वतःसाठी करी आणि पातं तापवून, पाण्यात बुडवून कडक करायच्या आधीच मूठ आणि पातं यांतून आरपार एक बारीक भोक पाडून ठेवी. जन्मभर ते भोक रिकामं. माणूस गेला की पुढच्याने त्याचा चाकू मिटवायचा, भोकातून पितळी खिळा घालायचा आणि दोन्ही टोकं ठोकून सपाट करायची. मग तो चाकू कोणाच्या बापाला उघडत नसे. पणजोबांचा आणि आजोबांचा, असे दोन चाकू बाकाच्या खणात पडून होते.

कशासाठी हे सगळं, असं लहानपणी डावरीने विचारलं होतं. आत्या म्हणाली होती, "नाही मिटवला तर तो परत कामाला येतो. आपली माणसं मेली हपापलेलीच, कामाला."

डावरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ते आता तिलाही आठवून सांगावं लागे. डाव्या हाताने कानस धरते म्हणून बाबांनीच ते पाडलं. "उजवा काय नुसता घास भरवायला दिलाय का?" असं ते रोज म्हणत, आणि रोज तिची कानस, काम घट्ट पकडणाऱ्या शेगड्याच्या डाव्या बाजूला नीट मांडूनही ठेवत. तिने स्वतःचा चाकू केला तेव्हा नखाची खाच तिने उलट्या बाजूला घेतली. बाबांनी तो उघडून, मिटून पाहिला. "चोरीला जायची भीती नाही. चोराला उघडताच यायचा नाही," म्हणाले.

बाबांच्या चाकूची सगळी प्रतिष्ठा त्याच्या मिटण्यात होती. पातं मुठीत जाताना जो टक् असा भरीव आवाज होई, तो आतल्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा. लोक धार बघत नसत, चाकू कानाशी नेत. बाबा एका सकाळी बाकावरच गेले, हातात अर्धी घासलेली मूठ घेऊन, आणि तो आवाजही गेला. डावरीने जीव ओतून केलेले चाकू मिटताना टिच् करत. नेहमीचा गिऱ्हाईक असलेला माळी तीन चाकू उघडमिट करून परत ठेवत म्हणाला, "काम छान आहे गं. पण बाबांचं नाही." त्याचा काही दोष नव्हता. तरी तिला त्याच्या टोपीला आग लावावीशी वाटली.

आणि बाबांचा चाकू मिटवायचा राहिला होता. "उद्या मिटवते," असं ती आत्याला रोज सांगे. कारण तयार होतं: कमानीचा नमुना म्हणून तो बिनखिळ्याचा हवा. खरी गोष्ट वेगळी होती. तो कानाशी धरून मिटला की बाबा पलीकडच्या खोलीत आहेत असं वाटे, आणि तिला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. ती तो एप्रनच्या खिशात घेऊन फिरायची.

मग एका दुपारी बाकावरच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा अर्धवट टाकलेला चाकू पुरा झालेला होता. तिने मिटून पाहिला. टक्. तिच्या अंगावर काटा आला, आणि लगेच हसूही फुटलं. मुठीवरचे कानशीचे ओरखडे उजवीकडे झुकलेले होते. तिचे नेहमी डावीकडे झुकत.

फुकटचा कारागीर कोणाला नको असतो? डावरी मुद्दाम डुलक्या काढू लागली. "आयत्या बिळावर नागोबा झालेय मी," असं ती स्वतःशीच म्हणे. गिऱ्हाईक परतलं. माळ्याने आपल्या मेव्हण्यालाही आणलं. दुपारी वर खाटेवर पडणाऱ्या आत्याला दिसायचं कमी, पण कान तिखट. तिने एकदा विचारलं, "आज हातोडी कोण मारत होतं गं?" डावरी म्हणाली, "मीच की."

बाकापुढचं स्टूल फिरवून वरखाली होणारं होतं. बाबा उंच, डावरी ठेंगणी. ते दर सकाळी वर चढवलेलं सापडे आणि कुरकुरत ती ते खाली आणे. एके दिवशी कामाच्या गडबडीत ती तशीच बसली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की स्टूल वरच आहे आणि तरी आपले पाय जमिनीला टेकलेत.

तिने पाय उचलून पुन्हा जमिनीला लावून पाहिले. मग एकेक गोष्ट आठवू लागली. सकाळी वेणी घालताना डावा हात अडखळला होता. चमचा उजव्यात होता. कालपासून घसा खाकरायची सवय लागली होती, आणि ती कोणाची सवय हे तिला चांगलं ठाऊक होतं. नागोबा कोण आणि बीळ कोण, ते आत्ता कुठे तिला कळलं.

ती तशीच जिना चढून वर गेली. "आत्या, मी आत्ता मिटवते तो चाकू."

आत्या चाचरत म्हणाली, "राहू दे ना गं. खालून ठोके ऐकू येतात, घर भरल्यासारखं वाटतं. कितीतरी दिवसांनी झोप लागते मला."

"तूच माझ्या मागे लागली होतीस ना?"

"होते. पण भाऊ आहे तो माझा."

"आणि मी कोण आहे?" डावरीचा आवाज चिरकला. "ते आले तर मी कुठे जाऊ, आत्या?"

आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. डावरीला रागापेक्षा दुःखच जास्त झालं.

ती खाली आली. भर दुपार होती, रस्त्यावरून हातगाड्या जात होत्या, काचेच्या कपाटातल्या पात्यांवर ऊन पडलं होतं. तिने पितळी खिळा घेतला. खिशातला बाबांचा चाकू बाकावर ठेवला. खिशात मिटून ठेवलेला तो आता उघडा होता आणि गरम होता. जुन्या चाकूंशेजारी त्याला जागा करावी म्हणून तिने खण ओढला.

आत तीन मिटलेले चाकू होते.

पणजोबांचा. आजोबांचा. तिसऱ्याची नखाची खाच उलट्या बाजूला होती. खिळा ताजा, पिवळाधमक, दोन्ही टोकं सुबक ठोकलेली. इतकं नीट ठोकणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने तो चाकू उजव्या हातात घट्ट धरून उघडायचा प्रयत्न केला. खाचेत नख घालायला डावा अंगठा पुढे केला, तो वळेना. बधिर झालेला तो हात मांडीवर पडून राहिला, आणि उजव्या हाताने, अगदी मायेने, आपणहून चाकू तिच्यापासून दूर नेला आणि खणात ठेवून खण लोटला. मग त्याने डावीकडची कानस उचलून उजवीकडे मांडली.

वरून आत्याची हाक आली. आवाज आशेने कापत होता. "दादा? जेवायला येतोस ना रे?"

आत्या, मी आहे, डावरी, असं ओरडायला तिने सगळं बळ एकवटलं. घसा खाकरला गेला.

"आलो," असं उत्तर गेलं.

वर चपळाईने भांडी वाजली. आत्याने ताटं मांडली होती, दादासाठी एक आणि स्वतःसाठी एक. तिसरं तिने फळीवरून काढलंच नाही.