पाच रेडिओंची मालकीण

आजही कुणाच्या घरी तांब्याचा हंडा दिसला की माझी नजर आधी त्यावर कोरलेल्या नावाकडे जाते. बायको चिडते. पण ही खोड मला साठच्या दशकाच्या अखेरीस अंधेरीत फौजदार असताना लागली आणि ती लावणारं प्रकरण विसरणं शक्य नाही. त्यात माझी पुरती फजिती झाली होती, हेही एक कारण.

जून महिना होता. कॉलेजची ॲडमिशन सुरू झाली होती. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना सरकार फी माफ करायचं. त्यासाठी फॉर्मबरोबर उत्पन्नाचा दाखला जोडावा लागे आणि तलाठी घरोघर जाऊन चौकशी केल्यावरच तो मिळे. तर हे तलाठी एका दुपारी घाम पुसत ठाण्यावर आले.

"साहेब, गावठाणात मोठी चोरी झालीय. नऊ घरं फिरलो. एकाही घरात घड्याळ नाही, रेडिओ नाही, हंडा-कळशी नाही. भिंतीवर नुसते पांढरे चौकोन! लोक घाबरलेत, तोंड उघडत नाहीत."

मी स्टेशन डायरीत नोंद केली. दुसऱ्याच दिवशी आमच्या खबऱ्याने, म्हणजे नाक्यावरच्या पानवाल्याने, बातमी दिली की त्याच गावठाणातल्या एका एकट्या बाईच्या घरात आदल्या दिवशी पहाटे ढीगभर सामान गेलं. नऊ घरं रिकामी आणि एक घर भरलेलं! मी तरुण होतो. बक्षिसाची शिफारस कोणत्या शब्दांत यावी, हेही मी मनात ठरवून टाकलं.

दोन पंच घेऊन झडती घेतली. पाच रेडिओ, चार भिंतीवरची घड्याळं, तीन शिलाई मशीन, तांब्या-पितळेच्या भांड्यांचा ढीग आणि पेटारा भरून कपबश्या. भांड्यांवर वेगवेगळ्या माणसांची नावं कोरलेली. पंचनामा लिहिता लिहिता हवालदाराचा हात दुखून आला. मुद्देमाल ठाण्यावर आणला.

बाई पन्नाशीची, ख्रिस्ती, विधवा, मूलबाळ नाही. भाजीची पाटी घेऊन स्टेशनबाहेर बसायची. सगळे तिला बाय म्हणत. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, म्हणून मी तिच्याच ओट्यावर बसलो.

"हा माल कुणाचा?"

"माझा."

"पाच रेडिओ?"

"एकाचा आवाज बारीक येते, सायेब."

"आणि भांड्यांवर ही दुसऱ्यांची नावं?"

"मना वाचता येत नाय. दुकानदारानं काय लिवला, मना काय ठाव!"

सराईत गुन्हेगार तीन प्रश्नांत गडबडतात. ही बाई भेंडीची देठं खुडत उत्तरं देत होती. मग मी भांड्यांवरच्या नावांची माणसं एकेक करून बोलावली. पहिल्याच गृहस्थाने हंडा निरखून पाहिला आणि म्हणाला, "नाव माझाच हाय, पन हंडा माझा नाय." बाकीच्यांनी तेच सांगितलं. माझ्या नोकरीत चोर माल नाकारताना पुष्कळ पाहिले होते. मालक नाकारतात, हे पहिल्यांदाच पाहत होतो.

इकडे मुद्देमालाच्या खोलीतली चार घड्याळं चार वेगळ्या वेळी टोल देत. ठाण्यात किती वाजले ते कुणालाच कळेना. वरिष्ठांनी दोनदा विचारलं, "काय, सापडला का फिर्यादी?" मी खाली मान घालून "तपास चालू आहे" म्हणायचो.

गुरुवारी एक मुलगी आली. गावठाणातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच मुलगी. फॉर्म छातीशी धरलेला.

"साहेब, पोलिसांचा तपास संपेपर्यंत तलाठी आमच्या नऊ घरांना दाखले देत नाहीत. शनिवारी शेवटचा दिवस आहे. फी माफ नाही झाली तर पप्पा म्हणतात, नोकरी बघ."

तिचं कॉलेज माझ्याच तपासामुळे अडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला वाईट वाटलं, पण रुबाब सोडवेना.

"तुमच्या घरचं काय चोरीला गेलंय?"

"काही नाही."

तेवढ्यात आत एका घड्याळाने अकरा टोल दिले. मी मनगटाकडे पाहिलं. मुलगी सहज बोलून गेली, "ते दहा मिनिटं पुढेच असतं." आणि तिने जीभ चावली.

मी काही बोलायच्या आत आमचे मालवणी हवालदार उठले आणि त्यांनी दार लोटलं. "सायबानू, ही चोरी न्हय. फॉर्माचे दिवस इले. घरात रेडिओ दिसलो तर दाखलो मिळाचो नाय, ह्या भियान लोकांनी घरा रिकामी केल्यानी."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

हवालदार माझी नजर चुकवत म्हणाले, "माझो रेडिओ पण नाहूराक साडवाकडे गेलो हा. माझो पोरगो कॉलेजात जातलो."

मुलगी हसली आणि लगेच रडली. मी तडक तलाठ्यांना गाठलं. "घरात रेडिओ असला तर दाखला नाकारता?"

"छे हो! मी पगाराची चिठ्ठी बघतो. या सगळ्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आतलंच आहे. रेडिओ बघून मला काय करायचंय?"

"मग घरोघर कशाला फिरता?"

तलाठी जरा ओशाळले. "चहा मिळतो, साहेब. यंदा नऊ घरं फिरलो, कुणाकडे कप नाही! म्हणून तर शंका आली."

शुक्रवारी दुपारी नऊही दाखल्यांवर सही-शिक्का झाला. मुलीने शनिवारी फॉर्म भरला. पण मुद्देमाल परत न्यायला एकही मालक तयार होईना, कारण पावतीवर सही करून रेडिओ कबूल कोण करणार? शेवटी सगळा माल ज्या ताब्यातून घेतला त्याच ताब्यात दिला. बायने अंगठा उठवला. कागदोपत्री ती अंधेरीतली सगळ्यात श्रीमंत भाजीवाली झाली.

फाईल बंद करायला आठवड्याने मी तिच्या घरी गेलो. लोक आपापलं सामान घेऊन गेले होते. खोलीत एक स्टूल, दोन जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आणि क्रूसापुढे एक मेणबत्ती, बस्स. मी लाजलो. चोरीच्या मालाचा अड्डा म्हणून मी आळीतल्या सगळ्यात गरीब घरावर छापा घातला होता.

"बाय, तुरुंगात गेला असतात. तुमच्याच घरी का ठेवलं सगळं?"

"माझे घरान शिकनारा कोन नाय, सायेब. मना फॉर्म नाय. म्हनून माझे घरान काय पन चालते."

त्या दिवसापासून कुठल्याही घराची झडती घेताना, इथे काय सापडलं याआधी हे इथे कुणासाठी ठेवलंय, असं मी विचारू लागलो. पुष्कळ गुन्हे त्याने उघडकीस आले आणि दोन-चार मुळात गुन्हेच नाहीत, हेही कळलं.

काही वर्षांनी बदली होऊन पुन्हा त्या भागात आलो. बाय ओट्यावरच होती. मला पाहताच आत गेली आणि नवाकोरा तांब्याचा हंडा घेऊन आली. ती मुलगी शाळेत शिक्षिका झाली होती. पहिल्या पगारातून तिनं तो आणला होता.

"वाचा सायेब, काय लिवलाय?"

मी चष्मा लावला आणि पंचनामा वाचतात तसं बायचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं.

"परत वाचा," ती म्हणाली.