कंपनीचा इतिहास आणि मामांचा कान

मी आयुष्यात एकाच माणसाला रक्त येईपर्यंत मारलं आहे. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता, मी त्याला मामा म्हणायचो, आणि त्याची काहीही चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर तुम्ही सावध राहाल.

तेव्हा मी दोह्यात एका अमेरिकन मोटार कंपनीच्या डीलरकडे वर्कशॉप सुपरवायझर होतो. वर्ल्ड कप जवळ येत होता आणि सगळं शहर खणून ठेवलेलं होतं. अल नस्रमधल्या आमच्या घरापासून इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपपर्यंतचा रस्ता दर आठवड्याला बदलायचा. पाहुण्यांच्या ताफ्यांसाठी मोठमोठ्या गाड्या येत होत्या, त्या तपासून, नट आवळून, कागद करून पुढे पाठवायच्या हे आमचं काम. सगळ्यांना सगळं कालच हवं असायचं. माझ्या नाकावर राग तसाही कायमचा मुक्कामाला असतो, त्यात ही घाई.

मामा परभणीकडचे. वीस वर्षं आखातात काढलेली, नजमा भागात सहाजणांच्या खोलीत राहायचे. वर्कशॉपमध्ये मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे मी त्यांना मामा म्हणायला लागलो आणि मग केरळी, नेपाळी, फिलिपिनो सगळेच म्हणायला लागले. वीस वर्षांत त्यांना एक मेमो मिळाला नव्हता. वर्ल्ड कप झाला की कंपनीकडून चांगल्या वर्तणुकीचा कागद घेऊन गावी जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांच्या गावातला एकजण कुवेतहून चोरीचा आळ घेऊन परत आला होता. तो मरून गेला तरी त्याच्या घराकडे बोट दाखवून लोक तेच सांगतात, असं मामा म्हणायचे. "आपल्याला तसं जायचं नाही साहेब. कागद घेऊन जायचं."

त्याच सुमारास जनरल मॅनेजरांनी शोरूममध्ये मूळ अमेरिकन कंपनीच्या इतिहासाची भिंत करायचं ठरवलं. फोटो आणि खाली चार ओळी. मी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात लिहितो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. शिवाय दर गुरुवारी अर्धा तास मेकॅनिक लोकांना तोच इतिहास सांगायचा, म्हणजे म्हणे त्यांना ब्रँडचा अभिमान वाटेल.

मला मात्र तो खरंच वाटू लागला. कंपनीचा मूळ पुरुष शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी लोकांची घड्याळं उघडून जुळवायचा. आधीचे प्रयत्न फसले, मग ही कंपनी जमली. वर्षानुवर्षं एकच मॉडेल, आणि बराच काळ एकच रंग, काळा. मग ती सरकती लाइन आली. कल्पना आली ती खाटिकखान्यातून, असं मी वाचलं. तिथे हुकाला लटकलेलं जनावर सरकत जायचं आणि प्रत्येक माणूस आपल्या वाट्याचा एकच तुकडा कापायचा. इथे उलटं केलं. सांगाडा सरकत जातो आणि प्रत्येकजण एकच तुकडा जोडतो. बारा तासांचं काम दीड तासावर आलं. हे मी सांगितलं तेव्हा नेपाळी पोरांनीसुद्धा माना डोलावल्या.

पण पुस्तकं वाचत गेलो तसं बाकीचंही सापडलं. मजुरी दुप्पट केली, आणि ती घेणारा घरी दारू पितो का, बायकोशी नीट वागतो का, हे पाहायला कंपनीची माणसं घरात शिरायची. लाइनवर बसायचं नाही, बोलायचं नाही, शीळ घालायची नाही. कामगार ओठ न हलवता बोलायला शिकले. पुढे कंपनीने मुष्टियोद्धे आणि तुरुंगातून सुटलेले गुंड पगारावर ठेवले. कारखान्याबाहेरच्या पुलावर युनियनची पत्रकं वाटायला आलेल्या माणसांना त्यांनी तुडवलं, आणि पुरावा राहू नये म्हणून बातमीदारांच्या कॅमेऱ्यांतल्या, फोटो ज्यांच्यावर उमटायचा त्या काचाही हिसकावून घेतल्या. एकाने आपल्या काचा गाडीत सीटखाली लपवल्या, म्हणून फोटो जगाला दिसले.

तो फोटो मी भिंतीसाठी घेणार नव्हतोच. पण गुरुवारी फोटो वाटताना तो गठ्ठ्यात राहिला आणि मामांच्या हातात गेला.

"साहेब, ह्यांच्या तोंडाला रक्त कशाचं?"

"जुनी गोष्ट आहे, मामा. द्या इकडे."

"मारलं कुणी पण?"

"कंपनीच्याच माणसांनी."

"मग लावा की भिंतीवर. इतिहास म्हणता ना?"

सगळे हसले. मीही हसलो, पण डोक्यात तिडीक गेली. वीस माणसांसमोर त्यांनी मला खोटं पाडलं असं मला वाटलं, आणि तसं वाटलं की मी ते विसरत नाही.

त्याच संध्याकाळी मी टूलरूममधून चार हत्यारं पिशवीत घालून घरी नेली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. इकडे यायच्या आधी मी सातपूरला ज्या कारखान्यात होतो तिथे त्या दिवशी मशीन धुऊन, पाने-हातोडे मांडून पूजा व्हायची आणि दसरा उजाडेपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. दोह्यात वर्कशॉपमध्ये ते शक्य नव्हतं, म्हणून मी दरवर्षी चार हत्यारं घरी न्यायचो. कुणाला विचारत नसे, चावी माझ्याकडेच होती. त्या वर्षी पाने, हातोडी, मापाचा व्हर्नियर आणि टॉर्क रेंच नेला. टॉर्क रेंच म्हणजे नट नेमक्या जोराने आवळायचा लांब दांड्याचा पाना. महाग असतो, लाल प्लास्टिकच्या केसमध्ये राहतो.

शुक्रवारी झेंडूची फुलं वाहून पूजा केली. शनिवारी, दसऱ्याच्या सकाळी, मी आंघोळीला गेलो तेव्हा बायकोने हत्यारं पिशवीत भरून ठेवली. ती पिशवी मी नेली आणि लाल केस टूलरूमच्या फळीवर ठेवली. रिकामी केस हाताला हलकी लागायला हवी होती. मी फोनवर बोलत होतो.

सकाळी मामांना आपट्याचं पान देऊन मी वाकून नमस्कारही केला होता. "सुखी राहा," म्हणाले.

दोन तासांनी एका ताफ्याच्या गाड्या निघायच्या होत्या, जनरल मॅनेजर स्वतः उभे होते. मामांनी फळीवरून केस आणली, बेमध्ये, म्हणजे गाडी उभी करून काम करायच्या जागेत, येऊन उघडली. आत काही नाही.

"साहेब, रेंच नाही ह्याच्यात."

मी सांगितलं, सकाळी मीच ठेवलाय, बघा नीट. त्यांनी पाहिलं. नाही म्हणाले. मॅनेजर घड्याळाकडे बघत इंग्रजीत म्हणाले, की ठेवलेली वस्तू तुम्ही दोघांनीच हाताळली आहे, मग तिसरा कोण असणार? आणि मला गुरुवारचं हसू ऐकू आलं.

"कुठे विकलास?" मी म्हणालो. इतकी वर्षं मी त्यांना 'तुम्ही' म्हणत आलो होतो, सर्वांत आधी ते गेलं.

"म्या कशाला घेऊ साहेब? केस उघडली तर..."

मी उजव्या हाताने त्यांच्या डाव्या कानाखाली वाजवली. सगळं वजन टाकून. ते गाडी उचलायच्या लिफ्टच्या खांबावर आदळले. त्यांनी हात वर केले, ते मार चुकवायला, पण मला ते अंगावर आल्यासारखे वाटले. मी पुन्हा त्याच कानावर मारलं, मग कॉलर धरून डोकं खांबावर आपटलं, आणि खाली बसले तेव्हा बुटाने बरगडीत लाथ घातली. सेफ्टी बूट होते, पुढे लोखंड असलेले. कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला. कुणी मधे पडलं नाही. मी सुपरवायझर होतो. खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं. आठवड्याचा सगळा ताण हातावाटे निघून गेला. 

मॅनेजर "खलास, खलास", म्हणजे अरबीत पुरे, असं म्हणत मला बाजूला घेऊन गेले. दुसऱ्या बेमधला रेंच आणून गाड्या पाठवल्या. मामांना दवाखान्यात नेलं, आणि त्यांच्या नावाने चोरीचा अहवाल तयार झाला. मी सही केली.

दुपारी घरी आलो तर मुलगी म्हणाली, "बाबा, व्हाय इज देअर ब्लड ऑन युअर शर्ट?" मी तिला आत पाठवलं. बायको देवघराशी निर्माल्य गोळा करत होती.

"अहो, हा एक पाना राहिलाय बघा तुमचा. फुलांखाली दिसलाच नाही मला. डबा मिटलेला होता, मला वाटलं आतच आहे."

दांड्याला हळदीकुंकू लागलेलं होतं. मी तो हातात घेतला. तिला काय झालं ते सांगितलं. ती हातातली फुलं ठेवून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा त्यांच्याकडे." मी गेलो नाही. उद्या सगळ्यांसमोर करतो म्हणालो. मला वाटलं, हे जास्त मोठेपणाचं आहे.

रविवारी सकाळी आधी मॅनेजरांकडे गेलो, रेंच टेबलावर ठेवला. ते हसले, अहवाल फाडला. "फाइल बंद. बरं झालं."

"आणि मी मारलं त्याचं?"

"काय मारलं? तसं कुणी लिहून दिलेलं नाही."

हजेरीला सगळे वर्कशॉपच्या अंगणात रांगेत उभे होते. मामा टोकाला, कानात कापूस. मी रेंच वर धरून हिंदीत सांगितलं की चोरी झालीच नव्हती, रेंच माझ्या घरी होता, मामांवर मी खोटा आळ घेतला. एवढ्यावर थांबलो असतो तर आज हे लिहीत बसलो नसतो. पण मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि मराठीत म्हणालो, "मामा, मारा मला."

"जाऊ द्या साहेब."

"नाही. सगळ्यांसमोर मारलं, सगळ्यांसमोर मारा."

"नको म्हणतो ना."

मी त्यांचा हात धरून माझ्या गालावर आपटायला लागलो. ते हात ओढून घेत होते. आणि माझा आवाज चढला, तोच कालचा आवाज. "मारा म्हणतो ना! ऐकू येत नाही का?"

तेव्हा त्यांनी मारलं. पहिला ठोसा नाकावर बसला, हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. दुसऱ्याने ओठ फाटला. मी पडलो, तर ते माझ्या छातीवर बसले आणि मारत राहिले, तोंडाने एक शब्द न काढता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चार जणांनी ओढलं तेव्हा सुटले. माझा एक दात जमिनीवर पडला होता.

हे सगळं अंगणातल्या कॅमेऱ्यात होतं. मॅनेजरांनी फुटेज मागवलं. सुपरवायझरवर हल्ला, तोही साक्षीदारांसमोर. मी सुजलेल्या तोंडाने लिहून दिलं की मीच मारायला सांगितलं, मीच हात धरला. फॉर्ममध्ये तशी जागा नाही, असं उत्तर आलं. मी म्हटलं, आदल्या दिवशी मी मारलं त्या बेमध्येही कॅमेरा आहे, तेही फुटेज काढा. ते कुणी काढलं नाही. मी दुसऱ्यांदा अर्ज केला, तिसऱ्यांदा केला, तेव्हा मॅनेजरांनी मला शांतपणे विचारलं, की तुमची मुलगी कितवीत आहे? मी अर्ज करणं बंद केलं. इतिहासाची भिंत पूर्ण झाली. पुलावरचा फोटो तिच्यात नव्हता.

मामांना कामावरून काढलं, वर्तणुकीचा कागद मिळाला नाही, आणि त्यांचं तिकीट आठवड्याच्या आत निघालं. जायच्या दिवशी दुपारी मी नजमाला त्यांच्या खोलीवर गेलो. बाकीचे कामावर होते. खाटेवर बॅग उघडी होती आणि ते कपड्यांच्या घड्या घालत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. नाकावर पट्टी असल्यामुळे मला तोंडाने श्वास घ्यावा लागत होता.

"साहेब," ते घडी घालता घालता म्हणाले, "मला मारायचं नव्हतं. वीस वर्षांत हात उचलला नव्हता कुणावर. तुम्ही चुकलं म्हटलं असतं ना नुसतं, तर पुरं होतं मला. तुम्ही तर मारायला लावलं."

खरं होतं. त्या दिवशी रांगेसमोर मी सगळं बोललो होतो, तेवढं सोडून. मी मान खाली घालून म्हणालो, "चुकलं माझं, मामा."

ते कपडे ठेवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काही म्हणालात का? इकडून बोला. त्या कानानं ऐकू येत नाही आता."

मी उठलो, खाटेला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेलो, आणि पुन्हा म्हणालो. 

"ऐकलं," ते म्हणाले. "आता घरी काय सांगू, तेवढं सांगा."