व्हिनाइलच्या छताखालचा रंग

२००८ नंतरची दोन-तीन वर्षं मी शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये जुन्या अमेरिकन गाड्यांचे कागद बनवत होतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्या कंटेनरमधून यायच्या, आमच्या वर्कशॉपमध्ये त्यांची डागडुजी व्हायची आणि हौशी अरब गिऱ्हाइकं त्या घेऊन जायची. गाडीवरची कोणती गोष्ट कारखान्यातून आली आणि कोणती डीलरने आपल्या दुकानात बसवली, हे लिहून खाली सही करायची, एवढंच माझं काम. मागच्या चाकांवरची झाकणं, दारांवरच्या क्रोमच्या पट्ट्या, डिकीवरचं कॅरिअर, व्हिनाइलचं छत, म्हणजे पत्र्याच्या टपावर चिकटवलेलं रेक्झिनसारखं आवरण. कारखान्याची काय, डीलरची काय, दिसायला दोन्ही सारखीच. पण गिऱ्हाइकाला ‘फॅक्टरी’ हाच शब्द हवा असायचा.

तो शब्द कुठून काढायचा, तर बॉनेट उघडल्यावर समोरच्या काचेच्या खाली पत्र्याची छोटी पाटी असते, तिच्यावरून. कारखान्याने बसवलेल्या गोष्टींचे कोड तिच्यावर ठोकलेले असतात. डीलरचं काम तिथे येत नाही.

सीटचं आणि छताचं काम रत्नागिरीकडचे एक कारागीर करायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

मंदीत नऊ माणसांची पाच झाली होती. अजून एक जाणार, असं मालकाने सांगून टाकलं होतं. मेकॅनिकला कोणी काढणार नव्हतं. म्हणजे चाचा किंवा मी. दुबईत आम्ही राहायचो त्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या मजल्यावरची तीन कुटुंबं नोकऱ्या सुटून एका महिन्यात भारतात परत गेली होती.

त्या दिवसांत काळ्या छताची एक पांढरी गाडी आली. पाटीवर कोणीतरी जाड रंग मारला होता, छताच्या कोडचा आकडा नीट दिसत नव्हता. थिनरने पुसला असता तर दहा मिनिटांचं काम. पण मी थकलो होतो. अंदाजाने वाचला आणि ‘फॅक्टरी’ लिहून टाकलं.

दोन दिवसांनी चाचांनी हाक मारली.

“भाऊ, इकडे या जरा.”

छताचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी तो बोटाने उचलला. खाली पांढरा, चकचकीत रंग.

“कारखान्यातून छत आलं असतं तर खाली नुसता प्रायमर असता. झाकायचंच आहे तर कोण रंग वाया घालवतो? हा डीलरचा उद्योग. रंगवलेल्या गाडीवर चिकटवलंय.”

“चाचा, कागद झालाय. सही झालीय.”

“मग फाडा की. कागद आहे तो, निकाहनामा नाही.”

मी हसलो. कागद फाडला नाही. त्यांनी कोपरा चिकटवून दिला आणि गाडी अबुधाबीकडच्या रुवैसच्या एका गिऱ्हाइकाकडे गेली.

महिन्याने तो गाडी घेऊन परत आला. त्याच्या कोणा जाणकार मित्राने तोच कोपरा उचलून बघितला होता. मालकाने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“हबीबी, फॅक्टरी किसने लिखा?”

मी म्हणालो, मैंने लिखा, और सही लिखा. कोना चाचाने खोला था. नीचे जंग लगा होगा, इन्होंने ही घिसके पेंट मार दिया होगा.

चाचा माझ्या शेजारीच उभे होते.

“तुमने खोला था?” मालकाने विचारलं.

“खोला था.”

एवढं बोलून ते थांबले, माझ्याकडे बघत. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. मालक म्हणाला, “खलास.”

चाचांचा व्हिसा रद्द झाला. घरी मी एवढंच सांगितलं की चाचांना काढलं. बायको म्हणाली, “वाईट झालं. पण तुझी नोकरी वाचली ना?” मुलीने पुस्तकातून डोकं वर काढलं. “सो वी आर स्टेइंग, डॅड?” मी हो म्हणालो. तिने लगेच मैत्रिणीला फोन लावला.

मुलगी शाळा संपवून कॉलेजला गेल्यावर मी एकदा चाचांचा नंबर मिळवला. ते गावी रिक्षांच्या सीटा शिवत होते. मागे मशीन चालू होती. मी सगळं सांगितलं. पाटी पुसली नव्हती, खोटं बोललो, जाणूनबुजून बोललो. मशीन थांबली.

“भाऊ, मला माहीत नव्हतं काय? मी तिथेच उभा होतो.”

“माफ करा, चाचा.”

“तुम्ही बोलाल म्हणून मी उभा राहिलो होतो हो. तेव्हा बोलला असतात तर माझ्या कामाचं होतं. आता हे घेऊन मी काय करू?”

आवाजात राग नव्हता. त्यांनी मुलीची चौकशी केली, मी उत्तरं दिली. मग म्हणाले, गिऱ्हाईक उभं आहे, ठेवतो.